घरटी पाच

गावाचं शहर झालं म्हणजे झुंबरबाईला काय काय मिळणार होतं, याची मोजदाद भागवतनं तिच्याच दारात, तिच्याच बाजेवर बसून, स्वतःच्या बोटांवर केली. अंगठ्यावर नळ आला. पहिल्या बोटावर रस्त्याचा दिवा. मधल्यावर गटार, तेही वरून झाकलेलं. त्याच्या शेजारच्यावर घंटागाडी. ती रोज सकाळी गाणं वाजवत येईल आणि घरातला कचरा जावयासारखा मानानं घेऊन जाईल. करंगळी उरली. करंगळीवर काय ठेवावं हे रांजणखेड्याच्या पहिल्या नगराध्यक्षाला चटकन सुचेना, म्हणून ती त्यानं तशीच लांब केली आणि समोरच्या हुडव्याकडं दाखवली.

“आन् ह्ये तेवढं हलवायचं, मावशी.”

हुडवा म्हणजे गोवऱ्यांची रास, एवढं सांगून भागणार नाही. पुरुषभर उंच, गोल, वरून उसाच्या पाचटानं शाकारलेला आणि बाहेरून शेणानं असा लिंपलेला की श्रावणातली झड आठवडाभर लागली तरी आतल्या गोवरीला घाम फुटू नये. वेशीच्या उजव्या हाताला, शहागडकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, झुंबरबाईच्या सासूच्या सासूपासून तो तिथंच होता. दरसाल संपायचा आणि दरसाल उभा राहायचा.

“चार बोटं देऊन मूठ मागून राह्यला का रे?” झुंबरबाई म्हणाली. तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत शेणात होते.

“मूठ कसली? नगरपंचायतीची जागा हाय ती. पुढल्या महिन्यात तपासणीवाले येऊन राह्यले, स्वच्छतेचा नंबर काढायला. वेशीतून आत आले की पहिलं दर्शन कशाचं? शेणाचं!”

“मंग काय झालं? तू बी शेणाच्याच भुईवर रांगत मोठा झालास. तवा न्हाई तुला वास आला.”

“तिथं बाग व्हनार, मावशी. मोठाली लाल अक्षरं बसणार, रांजणखेडा म्हणून. रातच्याला आतून दिवे. लोक पुढं उभं राहून फोटो काढतील.”

आतून कचरूचा, म्हणजे झुंबरबाईच्या नवऱ्याचा, खोकला आला आणि खोकल्याच्या मागून आवाज. “काहून? आपण कुठं राह्यतो ते इसरून चालले का लोक?”

भागवत हसला. तो चांगला हसायचा. हसण्यावरच तो निवडून आला होता.

“आन् मातीचं काय?” झुंबरबाईनं विचारलं.

तेव्हा मात्र त्याचं हसू जरा आखडलं. कारण त्याला ठाऊक होतं, ती कशाबद्दल विचारते आहे.

रांजणखेड्यात कुणी गेलं की माणसं आधी रडायची नाहीत, आधी गोवऱ्या काढायची. मातीला, म्हणजे मयत पोचवायला, घरटी पाच. कुणी सांगायचं नाही, कुणी मागायचं नाही. प्रत्येक घरातला एक माणूस मयताच्या दारात पाच गोवऱ्या ठेवायचा आणि मान खाली घालून बाजूला बसायचा. वैरी असला तरी पाच, सोयरा असला तरी पाच. मातीच्या गोवरीला मोल नाही, तिचे आभार नाहीत, आणि मयताच्या नावानं एकदा घराबाहेर पडलेली गोवरी पुन्हा घरात घ्यायची नाही.

मग ट्रॅक्टर आले आणि बैल गेले. गॅस आला आणि चूल गेली. अंकुशनगरच्या कारखान्याला ऊस घालून ज्यांच्या हातात चार पैसे खेळले त्यांनी म्हशी विकल्या आणि पिशवीतलं दूध घेतलं. गोवऱ्या थापणारी घरं उतरत उतरत एकावर आली. रीत मात्र कुणी सोडली नाही. सोडावी कशाला? ती झुंबरबाईकडून परस्पर भागत होती. कुणी गेलं की माणसं सरळ हुडव्यावर येत, टोपल्या भरून नेत, आणि तेराव्याला पंगतीत बसून ‘गावानं घरटी पाच दिल्या’ असं समाधानानं सांगत. हुडवा एक, घरं हजार. फुकटात पाळायला मिळाली तर रांजणखेड्याइतकी रीत कुणी पाळत नसेल.

झुंबरबाईला हे कळत नव्हतं असं नाही. पण मेलेल्याच्या दारात हिशेब काढायचा नसतो, एवढंही तिला कळत होतं. जिवंतांचा ती मनातल्या मनात काढून ठेवायची.

“मातीसाठी नगरपंचायत लाकडं देणार,” भागवत उठत म्हणाला. “मसनवट्यात शेड बांधू, लाकडं भरून ठेवू. पावती फाडली की लाकूड.”

“तुझ्या बापाला कोणत्या पावतीनं जाळलं व्हतं रे?”

मोटारीत बसताना त्यानं चपलेला लागलेलं शेण दाराच्या दगडावर घासून काढलं, ते झुंबरबाईनं पाहिलं आणि तेही मनात टिपून ठेवलं.

भागवतची आई दैवशाला आणि झुंबरबाई एकाच लग्नसराईत या गावात आलेल्या. एकीच्या पाटीत शेण कमी पडलं तर दुसरीनं आपल्यातलं टाकायचं, म्हणजे दोघींच्याही सासवा गप्प बसायच्या. पुढं दैवशालाचं घर वर चढलं. माडी झाली, फरशी झाली, इतकी गुळगुळीत की म्हातारी त्यावर भिंतीला धरून चालायची. पण दुपारी सगळे झोपले की ती “मारुतीला जाऊन येते” म्हणून निघायची आणि हुडव्यावर यायची. मारुतीच्या वाट्याला हे दर्शन कधी गेलं नाही. लिंपण करायचं काम तिचं. ओल्या शेणावरून चार बोटं तिरपी ओढायची तिची पद्धत; हुडव्याच्या अंगावर त्या रेघा कणसाच्या पानासारख्या उमटायच्या.

मागच्या पावसाळ्यात दोघी तिथंच बसलेल्या असताना मसनवट्याकडून काळा लोट उठला. नव्या प्लॉटिंगमधलं कुणी वारलं होतं. बिऱ्हाड बाहेरचं, हुडवा ठाऊक नाही. पोरांनी पंक्चरवाल्याकडून जुने टायर नेले होते.

“झुंबरे, ते काय जळून राह्यलं गं?”

“माणूस.”

“माणूस? मला वाटलं, हायवेला ट्रक पेटला.” दैवशाला लोटाकडं पाठ करून बसली. मग म्हणाली, “मला असं नको जाळू देऊ, माय. जनमभर शेणात हात घातले. जाताना रबरात काहून?”

“तुला काय जल्दी पडली?”

“जल्दी न्हाई. सांगून ठेवते. भागवतला सांगून उपेग न्हाई, तो म्हणंल टेंडर काढू.”

दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. मग झुंबरबाई म्हणाली, “मी हाय न्हवं. तू काळजी नको करू.” बोलून गेली. दिलेला शब्द तिनं आयुष्यात एवढाच. बाकी सगळं तिनं न बोलता दिलं होतं.

जेसीबी आला तो जेठातल्या एका सकाळी. सोबत टिपर आणि अंगद. अंगद पूर्वी ग्रामपंचायतीचा शिपाई होता. गावाचं शहर झाल्यावर तो स्वच्छता मुकादम झाला, म्हणजे शिपाईच, फक्त गळ्यात शिट्टी.

“मावशी, माझ्यावर राग नको धरू. मी पगारी माणूस.”

“मंग पगार बंद झाल्यावर ये. तवर ह्याला हात लागणार न्हाई.”

ती हुडव्याला पाठ लावून उभी राहिली. माणसं जमली. हीच माणसं कधी ना कधी टोपली घेऊन तिथं आलेली. एकाचा बाप या राशीतून गेला होता, दुसऱ्याची बायको, तिसऱ्याचं तर ऐन उमेदीचं लेकरू. झुंबरबाईनं एकेकाचं तोंड पाहिलं. कुणी मोबाईल काढून शूटिंग करत होता, कुणी ‘साहेब, जरा समजुतीनं’ असं साहेब नसलेल्या अंगदला सांगत होता. “हिचं काढू नका” असं म्हणणारं तोंड एकही निघालं नाही. बागेपुढच्या जागेत गाळे निघणार होते, आणि गाळा आपल्यालाच मिळणार, अशी तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाची खात्री होती.

भागवत मोटारीतून उतरला. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. “मावशी, हट्ट नको. मी तुला बिलकुल त्रास होऊ देणार न्हाई.”

पायाशी पाटी होती, त्यात ताजं शेण होतं. झुंबरबाईनं हातात मावेल एवढं घेतलं आणि मारलं. खिशाच्या बराबर वर बसलं.

लोक हसले. तिथंच ती हरली. माणूस एक वेळ शिवी विसरतो, हसणारे लोक विसरत नाही. भागवतनं रुमालानं शर्ट पुसला, तो आणखी पसरला, आणि त्यानं जेसीबीवाल्याला हात केला.

तेवढ्यात दैवशाला आली. अनवाणी, धापा टाकत. “भागवत! अरे हितूनच तुझा बाप गेला. मला कुठून पाठवतो?”

“आई, लोक बघून राह्यले. गाडीत बस.”

“बघू दे. बघायलाच आलेत मेले.”

ती गाडीत बसली नाही. तिनं टोपली उचलली. जेसीबीचा दात एका बाजूनं रास पाडत होता आणि दुसऱ्या बाजूनं दोघी म्हाताऱ्या टोपल्यांनी गोवऱ्या काढून झुंबरबाईच्या मागच्या खोलीत नेत होत्या. नगराध्यक्षाची आई शेणाच्या टोपल्या वाहते हे बघून जेसीबीवाला मधेमधे थांबायचा, बस्स, एवढाच काय तो त्यांना मिळालेला न्याय. बाकी रास टिपरमधून कचरा डेपोवर गेली आणि पहिल्या पावसात तिचा चिखल झाला. कणसाच्या पानासारख्या रेघांचं एक ढेकूळ दारात पडून होतं, ते झुंबरबाईनं चुलीमागं ठेवलं.

मागची खोली निम्मी भरली होती. कचरूनं अंदाज घेतला. “एका माणसाच्या मातीपुरत्या झाल्या. आपल्या दोघांत जो आधी जाईल त्याच्या.”

“आन् दुसऱ्याचं?”

“दुसऱ्यानं पावती फाडावी.”

तपासणीवाले आले, लाल अक्षरांपुढं उभे राहिले, फोटो काढला. रांजणखेड्याला नंबर मिळाला. कितवा ते कुणी मोठ्यानं सांगितलं नाही, पण फटाके फुटले. झुंबरबाईच्या वाट्याचीही चार बोटं एकेक करून आली. नळ आला, पाणी आलं नाही. दिवा आला तो अक्षरांच्या आत. गटार दारापुढं खणून ठेवलं, त्यावर झाकण म्हणून कचरूनं जुनी फळी टाकली. घंटागाडी मात्र रोज यायची आणि गाणं वाजवून निघून जायची, कारण झुंबरबाईच्या घरात टाकण्यासारखं काही निघत नसे. शिवाय न मागता दोन गोष्टी मिळाल्या. घरपट्टी वाढली, आणि रोजगार हमीचं काम बंद झालं. शहरात तसली कामं नसतात म्हणे. शहरातल्या माणसाला भूक लागत नसावी.

श्रावणात झड लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी दैवशाला गेली. गुळगुळीत फरशीवर पाय घसरला, उठलीच नाही.

झुंबरबाई जाऊन बसली. मैत्रिणीचे पाय हातात धरून बसली आणि बायांनी आंघोळीचं पाणी काढल्यावर घरी परत आली. मागच्या खोलीचं दार उघडून उभी राहिली. कचरूला वाटलं, आता टोपली मागंल. पण तेवढ्यात दारात अंगद आला, डोक्यावर पोतं घेऊन.

“मावशी, शेडमधली लाकडं पेट घेईनात. ठेकेदारानं ओली बाभूळ टाकली, आन् शेडवर पत्रा अजून बसला न्हाई. भागवतभाऊ म्हणले, मावशीकडं गोवऱ्या हायेत, घेऊन ये.” त्यानं ओल्या खिशातून नोटा काढून बाजेवर ठेवल्या. “म्हणले, जो खर्चा होईल तो घे म्हणा. हिशेब नको ठेवू.”

खोलीच्या दारावरचा झुंबरबाईचा हात खाली आला.

“मातीची गोवरी इकत मागून राह्यला? आईच्या मातीची?”

“मावशी, मी पगारी...”

“माहीत हाय. उचल ते. आन् त्याला सांग, पैसे घेऊन न्हाई, टोपली घेऊन यायचं. सोता.”

भागवत आला. कपाळावर बुक्का, डोळे लाल, अंगावरची कापडं भिजून चिकटलेली. तो खरंच रडला होता. झुंबरबाईनं ते पाहिलं; तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही. पण राग असा, की त्याला रडलेला माणूसही पुरेना.

“मावशी, आई तिकडं खोळंबलीय.”

“मला सांगतो? घरटी पाच, भागवत. रीत तुला ठावं हाय. जा, गावात फिर. तुझं शहर हाय. हजार घरं हायेत. ज्याच्या दारात जाशील तो न्हाई म्हणणार न्हाई.”

“कुणाकडं न्हाईत, ते तुला बी माहीत हाय.”

“मला माहीत हाय. तुला माहीत व्हायला पायजे.”

तो गेला. कुठं गेला असेल हे पुढं गावानं चवीनं सांगितलं. आधी भाऊबंदांकडं, तिथं गॅसची टाकी घेऊन जा म्हणाले. मग गाळे मागणाऱ्यांकडं, ते छत्री घेऊन सोबत फिरू लागले, पण स्वतःच्या घरात बघून येतो म्हणून कुणी आत गेलं नाही. प्लॉटिंगमधल्या एका सुनेनं कपाटातून प्लॅस्टिकचं पाकीट काढून दिलं. त्यात बशीएवढ्या चार गोवऱ्या, वर गाईचं चित्र, धूप घालायला घरपोच मागवलेल्या. एका मास्तरनं जुन्या खुर्चीचा मोडका पाय दिला. लाल अक्षरांपाशी पोचेपर्यंत नगराध्यक्षाच्या टोपलीत पाकीट आणि खुर्चीचा एक पाय एवढंच होतं, आणि मागं छत्र्यांची मिरवणूक.

ती सगळी मिरवणूक झुंबरबाईच्या दारात आली. ती उंबऱ्यावर उभी होती. पुढ्यात पाच गोवऱ्या.

“ह्या माझ्या घरच्या.”

“मावशी, आत खोली भरून हायेत. आईनंच वाहिल्यात त्यातल्या अर्ध्या.”

“व्हय. ती वाहत व्हती तवा तू गाडीत बस म्हणत व्हतास.”

“तुझी मैत्रीण व्हती ती!”

“म्हणून पाच. तुझ्याकडं बघून एक बी दिली नसती.” तिचा आवाज चढला, छत्र्यांपर्यंत गेला. “बघता काय रे? काढा ना तुमच्या पाच! ज्याच्या ज्याच्या घरचं मयत माझ्या राशीतून गेलं त्यानं काढा. कुणाच्या नावानं किती गेल्या, सांगू का एकेकाला?”

छत्र्या हळूहळू पांगल्या. भागवतनं पाच गोवऱ्या धोतराच्या सोग्यात झाकून घेतल्या. जाताना त्यानं वाद घातला नाही, हे झुंबरबाईला आवडलं नाही. भांडला असता तर बरं झालं असतं.

“जिंकलीस,” कचरू आतून म्हणाला.

“मंग? चुकले का?”

“चुकली न्हाई. बराबर मोजून दिलं.” तो खोकला. “पण मोजलं कुणाला, ते बघ.”

झुंबरबाई आत आली. चुलीपुढं बसली. चुलीमागं ते रेघांचं ढेकूळ होतं. बाहेर टिपरचा आवाज आला म्हणून तिनं मान वळवली. तोच टिपर, हुडवा नेला तोच. मागं ताडपत्री, ताडपत्रीखालून काळे गोल दिसत होते. अंगदनं घराकडं बघितलं नाही.

झुंबरबाई उठली ती पदर खोचतच. “उठा. शेजारचा हातगाडा आणा. समद्या भरायच्या.”

“समद्या? मंग आपलं?”

“उठा म्हणते ना!”

दोघं म्हातारी माणसं. एक खोकणारं, एक रागानं थरथरणारं. खोली रिकामी करायला वेळ लागतोच. वरून ताडपत्री घातली, ती फाटकी. चाक दारापुढच्या खणलेल्या गटारात गेलं, फळी मोडली. काढायला हात लावा म्हणायला रस्त्यावर कुणी नव्हतं. सगळे मातीला गेले होते. बाई मसनवट्यात जात नाही, ही रीत झुंबरबाईनं त्या दिवशी मोडली, पण ते बघायलाही कुणी उरलं नव्हतं. वेशीबाहेर पडले तेव्हा समोर काळा लोट उभा होता, पावसालाही न दबणारा, ट्रक पेटल्यासारखा.

माणसं परत फिरली होती. कवटी फुटली की थांबत नाहीत. भागवत सर्वांच्या मागं होता. हातगाड्यापाशी थांबला, ताडपत्रीखाली बघितलं.

“उशीर केलास, मावशी.”

“व्हय,” झुंबरबाई म्हणाली.

तो पुढं गेला. मसनवट्याच्या शेडपाशी, जिथं पत्रा नव्हता, तिथं तिनं कचरूच्या मदतीनं हातगाडा रिता केला. मयताच्या नावानं बाहेर पडलेल्या गोवऱ्या. घरी न्यायच्या नव्हत्या. तिनं त्या सवयीनं गोल रचायला घेतल्या, मग अर्ध्यात सोडून दिल्या. लिंपण करणारी नव्हती.

रांजणखेड्याचा हिशेब काढायचाच झाला, तर तो असा निघतो. हजार घरांकडं घरटी पाच बाकी होत्या. त्यांतल्या एकाही घराला त्याची याद नाही. बाग झाली, अक्षरं झाली, गाळे ज्याला मिळायचे त्याला मिळाले. भागवतचा शर्ट धुऊन स्वच्छ निघाला. भरणा केला तो दोघींनी. एकीनं रबरावर जळून. दुसरीनं आपल्या दोघांत जो आधी जाईल त्याच्या मातीच्या गोवऱ्या उघड्यावर ठेवून. त्या पावसात फुगत, सुटत, संध्याकाळपर्यंत पुन्हा नुसतं शेण होत गेल्या.